घरातला आणि गोठ्यातला दिवा : कोणती दुरुस्ती आपली, कोणती वायरमनची

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



बियाणे, खते आणि कीड यांवर बोलणारी जाणकार मंडळी आज या व्यासपीठावर बसलेली आहेत. माझ्याकडे कृषी अभियांत्रिकीच्या बाजूने जो विषय आला आहे तो अगदी घरगुती आहे. घरातला किंवा गोठ्यातला दिवा बंद पडला तर काय करावे, एवढेच मला सांगायचे आहे. विषय लहान वाटेल, पण वर्षभरात त्यावर किती पैसे जातात ते आठवून पाहा. वायरमन तालुक्याहून यायचा असतो. त्याच्या येण्या-जाण्याचे पैसे, वर मजुरी, आणि बिघडलेला भाग पाहावा तर वीस-पंचवीस रुपयांचा. पेरणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत तर तो चार-चार दिवस मिळत नाही. तोपर्यंत पहाटेची धार अंधारात काढायची, वैरणीच्या ढिगात चाचपडत हात घालायचा, आणि साप-विंचवाचे भय मनात ठेवायचे.

म्हणून माणूस स्वतः हात घालतो, आणि घालावाही. पण कुठे घालावा आणि कुठे घालू नये याची रेघ स्पष्ट असली पाहिजे. ही रेघ कायद्यानेही आखून दिलेली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, आणि पुढे २०१० व २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही, तत्त्व एकच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण व फिटिंग यांची जशीच्या तशी बदली ग्राहकाला करता येते. नवी वायर ओढणे, पॉइंट वाढवणे, जोडणी फिरवणे ही कामे मात्र परवानाधारक ठेकेदार आणि वायरमन यांचीच. मीटर, मीटरचे सील आणि खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर ही महावितरणची. आज मी जे सांगणार आहे ते या रेघेच्या अलीकडचे आहे.

बटण बंद म्हणजे वीज बंद, असे समजू नये

दुरुस्तीपूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घरात वीज दोन तारांनी येते. फेजने ती येते आणि न्यूट्रलने परत जाते. बटणाचे काम यांतली एक तार तोडण्याचे. बटण फेजवर बसवलेले असेल तर ते बंद केल्यावर होल्डरमध्ये वीज उरत नाही. परंतु ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल तर दिवा विझतो, आणि फेज मात्र होल्डरच्या पिनेपर्यंत तशीच उभी असते. वरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. बटण बंद केले, दिवा विझला, म्हणजे काम झाले असे समजून ओल्या हाताने होल्डर उघडणारा माणूस इथेच फसतो.

आणि ही चूक केवळ नवशिक्या वायरमनकडून होते असे नाही. वादळात सर्व्हिस वायर तुटते, खांबावर ती घाईने पुन्हा जोडली जाते, आणि त्यात फेज-न्यूट्रलची अदलाबदल होऊ शकते. मग काल बरोबर असलेली घरातली सगळी बटणे आज उलटी झालेली असतात. त्यामुळे वादळानंतर लाइन जोडली गेली की बोर्डावर टेस्टर लावून एकदा पाहावे.

एलईडी दिवे आल्यापासून या दोषाची एक खूण मिळू लागली आहे. बटण बंद केल्यावरही रात्री बल्ब काजव्यासारखा मंद उजळत असेल, तर बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता बरीच असते. बटणात लहानसा लाल इंडिकेटर असेल तर त्यामुळेही असा उजेड राहतो, आणि लांब वायरिंगमध्ये शेजारच्या तारेच्या प्रभावानेही कधी कधी राहतो. पण इंडिकेटर नसताना बल्ब मिणमिणत असेल तर दुर्लक्ष करू नये. वायरमनला बोलावून बटण फेजवर घेण्यास सांगावे. त्याला बोलावण्यात इथे पैसे वाचवू नयेत.

तेव्हा दुरुस्तीसाठी मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि त्याच्यावरचे दिवे, पंखे जिवंतच राहतात. ही गोष्ट फार जण विसरतात. जुन्या घरात मेन स्विच नसून नुसते चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील, तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. बोर्डावर ठेवला तर दुसरे कोणी येऊन लावून जाते. आणि वर सांगितलेली अदलाबदल झालेली असेल तर नुसता फ्यूज काढल्यानेही फेज तुटत नाही. म्हणून टेस्टर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टेस्टर लावण्याचीही पद्धत आहे. आधी तो चालू असलेल्या प्लगमध्ये लावून पेटतो याची खात्री करावी. नंतर मेन बंद करून दुरुस्तीच्या जागी लावावा. मग मेन चालू करून पुन्हा प्लगमध्ये लावून पाहावा, आणि तिथे तो पेटला की मेन परत बंद करून कामाला लागावे. टेस्टरच जळालेला असेल तर तो कुठेच पेटणार नाही, आणि आपण समजू की वीज नाही. लाकडी स्टुलावर उभे राहिलो असता टेस्टर मंद पेटतो, आणि दुपारच्या उजेडात तो उजेड दिसतही नाही. हाताने आडोसा करून पाहावे.

बिघाड कुठे आहे ते आधी ठरवावे

दिवा लागत नाही म्हटल्यावर लगेच बल्ब विकत आणण्याची घाई करू नये. आधी पाहावे की सगळे घर अंधारात आहे, एकच खोली आहे, की एकच दिवा. शेजाऱ्याकडेही वीज नसेल तर आपण करण्यासारखे काही नाही. शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, तर फ्यूज किंवा एमसीबी पाहावा. फ्यूज गेला असेल तर त्याच जाडीची फ्यूज तार घालावी. मोटारीच्या वायरचा केसर, सायकलची स्पोक असले काही घालू नये. फ्यूज स्वतः वितळून घराला वाचवतो. त्यात जाड तार घातली की तो वितळत नाही, आणि मग भिंतीतली वायर वितळते.

फ्यूज चांगला आहे, तरी एकही दिवा लागत नाही. अशा वेळी एखाद्या दिव्याचे बटण चालू ठेवून प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर लावून पाहावा. दोन्हीकडे पेटला तर न्यूट्रल तुटला आहे असे समजावे. हा बिघाड बहुधा मेन बोर्डावर, खांबावर किंवा डीपीवर असतो. याच प्रकारातली दुसरी खूण अधिक घातक आहे. दिवे एकाएकी डोळे दिपतील असे प्रखर होतात, पंखा सुसाट फिरतो, शेजारच्या घरी मात्र दिवे मंद पडतात. डीपीजवळ न्यूट्रल सैल झाला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. त्या क्षणी मेन बंद करावा, शेजाऱ्यांना ओरडून सांगावे आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 

इथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. न्यूट्रल गेला की काही गावांत जमिनीत लोखंडी सळई ठोकतात, तिच्यावर पाणी ओततात, आणि न्यूट्रलची तार तिला बांधून दिवा लावतात. दिवा लागतो हे खरे आहे. पण दिव्यातून गेलेली वीज आता त्या सळईतून जमिनीत शिरत असते. दिव्याऐवजी मोटार किंवा शेगडी लावली तर प्रवाह वाढतो आणि सळईभोवतीच्या ओल्या जमिनीत पावलागणिक दाब बदलत जातो. माणसाच्या दोन पायांतले अंतर हातभर असते. गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत ते त्याच्या तिप्पट असते, तिच्या खुरांखाली ओल असते, आणि तिच्या शरीरातून जाणारा प्रवाह छातीतून जातो. त्यामुळे ज्या जागी माणसाला नुसती झिणझिण जाणवते तिथे जनावर जागच्या जागी कोसळू शकते. सळईची तार निघाली आणि कोणी ती हातात धरली, तर संपूर्ण दाब त्या हातावर येतो. एका रात्रीच्या उजेडासाठी दावणीतले दुभते जनावर, किंवा घरातले माणूस, पणाला लावू नये. त्या रात्री कंदील किंवा बॅटरी वापरावी.

आता एकच दिवा बंद आहे असे धरू. याची सर्वांत स्वस्त तपासणी अदलाबदलीची आहे. बंद बल्ब काढून दुसऱ्या, चालू असलेल्या होल्डरमध्ये लावावा. लागला तर बल्ब चांगला आहे आणि दोष होल्डर, बटण किंवा वायरचा आहे. नाही लागला तर बल्ब गेला. एवढ्यानेच निम्मे काम होते.

होल्डर आणि जोड

दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो, बल्ब हलवला की पुन्हा लागतो, चरचर आवाज येतो. ही सगळी होल्डरची लक्षणे आहेत. होल्डरमध्ये दोन पितळी पिना स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. उष्णतेने स्प्रिंग मरते, पिन आत बसते, बल्बच्या टोकाशी नीट टेकत नाही, आणि त्या फटीत ठिणग्या पडू लागतात. पिना काळ्या पडलेल्या असतील पण स्प्रिंग शाबूत असेल, तर मेन बंद करून बारीक पॉलिश पेपरने त्या घासाव्यात. बल्बच्या बुडाशी असलेले दोन ठिपकेही घासून स्वच्छ करावेत. स्प्रिंग मेली असेल किंवा होल्डरचा बेकेलाइट तडकला असेल, तर घासण्यात वेळ घालवू नये. नवीन होल्डर बसवावा.

होल्डर बदलताना वायरीचे जळके टोक कापून टाकावे. अर्धा इंच वायर सोलून केसर घट्ट पिळावेत, स्क्रूखाली दाबावेत, आणि एकही केसर बाहेर डोकावत नाही हे पाहावे. लोंबत्या होल्डरमध्ये बल्बचे वजन स्क्रूवर येऊ देऊ नये. टोपीच्या आत वायरीची सैलसर गाठ मारली की वजन गाठीवर येते. जोड द्यावाच लागला तर नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी स्क्रूचा कनेक्टर वापरावा. ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला नुसती पिळून जोडली तर त्या जोडावर थर चढतो, जोड तापतो आणि काही महिन्यांत पुन्हा तोच त्रास सुरू होतो. जुन्या घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग अजून पुष्कळ आहे.

गोठ्यातला होल्डर घरातल्या होल्डरपेक्षा लवकर जातो याचे अनेकांना नवल वाटते. शेण-मूत्रातून अमोनिया वायू निघतो आणि तो पितळ व तांबे खातो. पिनांवर हिरवट-निळसर थर दिसतो तो त्याचाच. त्यात धारोष्ण हवेची ओल, भिंत धुताना उडालेले पाणी आणि माशांची घाण यांची भर पडते. गोठ्यात उघडा होल्डर लावण्यापेक्षा पाणी व धूळ न शिरणारे, रबरी गॅसकेट असलेले बंद प्लॅस्टिकचे फिटिंग बसवावे. ते थोडे महाग पडते, पण वर्षातून दोन होल्डर आणि दोन हेलपाटे वाचतात. ते जनावराचे शिंग आणि वैरणीचा भारा लागणार नाही इतके उंच असावे. गोठ्याच्या लोखंडी खांबाला किंवा पत्र्याला वायर गुंडाळून नेऊ नये. उंदराने एका जागी आवरण कुरतडले की सगळा पत्रा जिवंत होतो.

ट्यूबलाइट

एलईडीचा प्रसार झाला असला तरी चोक-स्टार्टरच्या पट्ट्या अजून पुष्कळ घरांत, शाळांत आणि सोसायटीच्या गोदामांत आहेत. ट्यूब कशी लागते ते कळले तर तिचा बिघाड ओळखणे सोपे जाते. स्टार्टरच्या डबीत वायू भरलेली बारीक काचेची कुपी असते, तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज आली की ती तापून वाकते आणि सर्किट जुळते. ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. तेवढ्यात पट्टी थंड होऊन सुटते, आणि त्या क्षणी चोक उच्च दाबाचा झटका देतो. ट्यूब पेटते. एकदा ती पेटली की स्टार्टरला काही काम उरत नाही. चोकचे काम मात्र चालूच असते, तो प्रवाह आवरून धरतो.

आता लक्षणे पाहू. ट्यूबची दोन्ही टोके लाल तापून राहतात आणि मधला भाग पेटत नाही, तर स्टार्टर आतून चिकटला आहे. तो बदलावा. ट्यूब सारखी उघडझाप करते, तर स्टार्टर अशक्त झाला आहे, ट्यूब म्हातारी झाली आहे, किंवा व्होल्टेज कमी आहे. टोके काळीकुट्ट असतील तर ट्यूब गेली असे समजावे. काहीच हालचाल नसेल तर मेन बंद करून ट्यूब दोन्ही टोकांना हलकी फिरवून नीट बसवावी, स्टार्टर काढून पुन्हा घट्ट फिरवावा. निम्म्या वेळा एवढ्यानेच ती लागते. नवी ट्यूब लावताच झळकून गेली तर दुसरी नवी ट्यूब लावू नये. चोक शॉर्ट झालेला असतो, आणि तो तिलाही तशीच जाळतो. पट्टी घुंई आवाज करत असेल तर चोकचे स्क्रू आवळून पाहावेत.

पट्टी उघडली की आत पालीची अंडी, कुंभारीण माशीचे मातीचे घर, कधी भाजून मेलेली पाल सापडते. ब्रशने सगळे साफ करावे आणि वायर शिरते ते भोक बुजवावे. पट्टी पत्र्याची असल्यामुळे आतली वायर कडेला घासून सोलली गेली तर पट्टीलाच वीज येते. दिवा चालू असताना पट्टीच्या उघड्या पत्र्यावर टेस्टर टेकवून पाहावा. पेटला तर ती पट्टी वापरू नये. मुळात पत्र्याच्या पट्टीला अर्थिंगची हिरवी वायर जोडलेली असली पाहिजे, पण बहुतेक घरांत ती नसते.

चोक जळाला तर नवीन चोक आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ४० वॉटची ट्यूब आणि जुना तांब्याचा चोक मिळून सुमारे ५५ वॉट घेतात. तेवढाच उजेड २० वॉटची एलईडी ट्यूब देते. फरक ३५ वॉटचा. रोज ६ तास दिवा जळतो असे धरले तर वर्षाला सुमारे ७७ युनिट वाचतात. आपल्या बिलातला वीज आकार, वहन आकार आणि विद्युत शुल्क मिळून युनिटला समजा ७ रुपये पडत असतील, तर एका दिव्यामागे वर्षाला ५३५ रुपयांच्या आसपास बचत झाली. आपला स्वतःचा दर बिलावरून काढून हा हिशेब करावा.

जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवता येते. परंतु चोक आणि स्टार्टर काढून, त्या ट्यूबवर किंवा खोक्यावर छापलेल्या आकृतीप्रमाणेच जोडणी करावी लागते. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, काहींना दोन टोकांना. आकृती समजत नसेल तर तो उद्योग न करता पट्टीसकट मिळणारी एलईडी बॅटन घ्यावी, तिला फक्त दोनच तारा असतात. दोन टोकांना वीज द्यायच्या ट्यूबमध्ये एक टोक अडकवल्यावर दुसऱ्या मोकळ्या टोकाच्या पिनांवर वीज येऊ शकते, तेव्हा ती बसवताना मेन बंदच हवा. आणि फिरवलेल्या पट्टीवर रंगाने ठळक लिहावे : ‘फक्त एलईडी’. उद्या घरातले दुसरे कोणी तिच्यात जुनी ट्यूब लावील, आणि काही जोडण्यांत तिची तार सरळ फेज-न्यूट्रलच्या मध्ये येऊन भडका उडेल.

एलईडी बल्ब

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राची उजाला योजना सुरू झाली, आणि त्यानंतर ९ वॉटचा एलईडी बल्ब खेड्यापाड्यांत पोहोचला. आता त्यातले बंद पडलेले बल्ब घरोघरी टोपलीत साठले आहेत. ते दुरुस्त होतात का, असा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात येतो.

होतात, पण सगळे नाहीत. आधी हमीची मुदत पाहावी. खोक्यावर एक किंवा दोन वर्षांची हमी बहुधा छापलेली असते. बल्ब आणला की त्याच्या बुडावर न पुसणाऱ्या पेनने तारीख लिहावी आणि बिल जपून ठेवावे. मुदतीत गेलेला बल्ब उघडू नये, उघडला की हमी संपते. दुकानदाराकडून बदलून घ्यावा.

मुदतीबाहेरचा बल्ब उघडला तर पांढऱ्या टोपीखाली ॲल्युमिनियमची चकती दिसते. तिच्यावर लहान लहान पिवळे दिवे एका ओळीत, माळेसारखे जोडलेले असतात. माळेतला एक जळाला की सगळी माळ विझते. जळालेल्या दिव्यावर बहुधा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. त्याच जातीचा दिवा दुसऱ्या बंद बल्बमधून काढून तिथे बसवणे ही खरी दुरुस्ती. त्या जागी नुसता डाग देऊन दोन टोके जोडतात, त्यानेही बल्ब लागतो, पण उरलेल्या भागांवर ताण येतो आणि तो फार दिवस टिकेलच असे नाही. काळा ठिपका कुठेच नसेल तर दोष चकतीमागच्या ड्रायव्हरमध्ये असतो. एकाच कंपनीच्या, एकाच वॉटच्या दोन बंद बल्बांपैकी एकाची चकती आणि दुसऱ्याचा ड्रायव्हर चांगला असेल, तर दोहोंचा एक होतो.

हे काम प्रत्येकाने करावे असे मी म्हणणार नाही. डाग देण्याचे हत्यार लागते, ॲल्युमिनियमची चकती उष्णता ओढून घेते त्यामुळे डाग सहज बसत नाही, आणि सवय लागते. गावात आयटीआय झालेला एखादा मुलगा असेल तर दहा-वीस बल्ब साठवून त्याच्याकडे द्यावेत. त्यालाही काम मिळते. मात्र एक गोष्ट त्याने आणि आपणही पाळलीच पाहिजे. टोपी काढलेला बल्ब होल्डरमध्ये लावून पाहू नये. स्वस्त बल्बांत मेनची वीज आणि ही चकती यांच्यात आड काहीच नसते, त्यामुळे चकतीवरच्या दिव्यांना हात लागणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, म्हणून होल्डरमधून काढल्यावरही थोडा वेळ जाऊ द्यावा. तपासणी टोपी बसवूनच, आणि शक्यतो सीरिज बोर्डावर करावी. सीरिज बोर्ड म्हणजे जुना तारेचा १०० वॉटचा बल्ब मध्ये घालून केलेली जोडणी. दुरुस्तीत चूक राहिली असेल तर तो मोठा बल्ब पेटतो, स्फोट होत नाही.

बल्ब लवकर जाण्याचे कारण बहुधा उष्णता असते. काचेच्या बंद हंडीत किंवा छताला चिकटलेल्या घुमटात साधा एलईडी बल्ब कोंडला तर तो लवकर जातो. चुलीच्या वर लावलेलाही जातो. गेलेली वीज परत येताना कधी दाब उसळतो, म्हणून वीज गेली की दिव्यांची बटणे बंद करून ठेवण्याची सवय चांगली.

फुटलेल्या ट्यूबबद्दल थोडे सांगतो. ट्यूबमध्ये अत्यल्प का होईना पारा असतो. बाद ट्यूब उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. काच खतातून शेतात जाते, निंदणी करणाऱ्या बाईच्या हातात शिरते, आणि पाराही मातीत जातो. घरात फुटली तर दारे-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर जावे, मग तुकडे पुठ्ठ्याने गोळा करावेत. केरसुणीने झाडू नये.

एवढी काळजी घेऊनही कोणाला वीज लागली, तर त्याला धरायला धावू नये. धावणाराही चिकटतो. आधी मेन बंद करावा. मेन दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा बांबूने वायर बाजूला सारावी. श्वास बंद असेल तर छाती दाबण्याचे प्रथमोपचार लगेच सुरू करावेत आणि १०८ वर फोन करावा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात दाखवावे, कारण हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. एमसीबी असली म्हणजे माणूस वाचतो हा गैरसमज आहे. एमसीबी वायरीला वाचवते. माणसासाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लागतो. तो वायरमनकडून बसवून घ्यावा, आणि त्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. होल्डर-चोकात वाचलेले पैसे पहिल्यांदा त्यावर खर्च करावेत, असे मी सुचवीन.

शेवटी हत्यारांचे. एक चांगला टेस्टर, मुठीला आवरण असलेली पक्कड, मध्यम आणि बारीक असे दोन स्क्रू-ड्रायव्हर, चिकटपट्टी, चार कनेक्टर, एक होल्डर, एक स्टार्टर, योग्य जाडीची फ्यूज तार, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक बॅटरी. हे सगळे एका पत्र्याच्या डब्यात घालावे, झाकणावर १९१२ आणि १०८ हे दोन क्रमांक रंगवावेत. दिवा जातो तेव्हा घरातली पुरुषमंडळी बरेचदा शेतावर असतात, म्हणून टेस्टर कसा लावायचा हे घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांना आज घरी गेल्यावर दाखवून ठेवावे, आणि डब्याची जागा ठरवून टाकावी. तो नेहमी अंधारातच शोधावा लागतो.